कापश्या आणि देवाचा पंचा

नवी पेठेतून वांगी घेऊन मी घरी आलो, तर आमचा पांढरा कुत्रा लाल झाला होता.

लाल म्हणजे कसा, ते नीट सांगायला हवं. विटकरी नव्हे, तांबूसही नव्हे. ओलं कुंकू असतं ना, तसा. पाठ लाल, पोट लाल, गळ्याखालची लव लाल. कानांची टोकं तेवढी पिवळी राहिली होती. अंगणातल्या बाजेखाली तो अंग चोरून बसला होता आणि थरथरत होता. मध्येच स्वतःच्या पुढच्या पायाचा वास घ्यायचा आणि अनोळखी कुत्रा भेटल्यासारखा दचकून मान मागं घ्यायचा.

बाजेशेजारी माझी नात विजयमाला उभी होती. तिला आम्ही माला म्हणतो. मराठी तिसरीत आहे, एरवी बोलायला लागली की थांबत नाही. आता तिनं दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. तेही लाल.

"आबा, रक्त नाही हे," ती म्हणाली. "मी बघितलं. कुठंच लागलेलं नाही त्याला. मी पिवळा केला होता. तो आपोआप लाल झाला."

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासमोर. मी बघत होते आणि तो होत होता." एवढं बोलून तिला रडू फुटलं.

तीस वर्षं मी मुनसिपालटीच्या शाळेत मुलांना शिकवलं. मूल रडत असताना त्याला प्रश्न विचारायचा नाही, हे त्या नोकरीत शिकलो. मी वांग्यांची पिशवी खाली ठेवली आणि बाजेवर बसलो. खाली कापश्या शिंकत होता, वर माला हुंदके देत होती. मला काहीच उमगत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का बाहेर आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बजाबाई. तिचं सासर जेऊरचं. घरात खंडोबाचं ठाणं. मेहुणे गेले, पोटी मूलबाळ नाही, भाऊबंदांनी देवाचं करणं केव्हाच सोडलेलं. अक्का माझ्याकडं सोलापूरला राहायला आली ती दोनच गोष्टी घेऊन. पदराआड देवाचा टाक आणि टांग्यात पायाशी बसलेलं कुत्र्याचं पिल्लू. मेहुण्यांनी शेवटच्या वर्षी आणलेलं. कापसासारखं पांढरं, म्हणून कापश्या. तेव्हापासून मार्गशीर्षात आमच्या घरी घट बसतो, अक्का एकभुक्त राहते, आणि चंपाषष्ठीला सकाळपासून पाण्याचा थेंबही घेत नाही. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी पहिल्यांदा घरात येतं. त्याचं भरीत होतं, रोडगे होतात, नैवेद्य दाखवला जातो. मग कुत्र्याच्या रूपानं देव पहिला घास घेतो. अक्काच्या हातून कापश्यानं घास घेतला, की मग अक्का जेवणार. तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून हीच रीत, आणि ती पाळणारी आता ही एकटीच. मागं एकदा मला म्हणाली होती, "माज्यामागं हे ऱ्हाईल का न्हाय, ते देवाला ठावं. पन माज्या हातनं मोडायचं न्हाय."

आज तीच चंपाषष्ठी, आणि अक्का आता ओट्यावर उभी राहून बाजेखाली बघत होती.

"ह्ये काय?" ती म्हणाली. "कापश्या कुटं हाय?"

"तोच आहे अक्का."

"आन् ह्यो रंग?"

माला म्हणाली, "मी त्याला पुसलं, अक्काआजी."

"पुसल्यावर कुत्रं लाल हुतंय व्हय?"



अक्का ओट्याच्या पायरीवर टेकली. तिचा आवाज एकदम खाली गेला. "यंदा गुडघ्यापायी बाळ्याच्या खंडोबाच्या जत्रंला जायचं ऱ्हायलं. मनात म्हनत व्हते, देव समजून घील. न्हाय घेतलं."

"असं काही नसतं अक्का. काहीतरी कारण असेल."

"मग सांग की कारन."

सांगणार काय? पिवळं म्हणजे हळद असणार, आणि हळदीला चुना लागला की लाल होतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आमच्या घरात कुणी पान खात नाही. चुना येणार कुठून?

मी मान वर केली तर समोर शेजारचे सिद्धप्पा. हातात कुंचला, डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्या. त्यांच्या पोराचं लग्न ठरलेलं, म्हणून घराला चुना द्यायचं काम चाललेलं. आमचं अंगण आणि त्यांची भिंत यांच्यात हातभराचंही अंतर नाही.

"सिद्धप्पा," मी म्हणालो, "चुना तुमचा."

"काय माझा?"

"कुत्रा बघा."

सिद्धप्पांनी बघितलं. "अय्यो! ह्याला काय झालं मास्तर? कुणी होळी खेळलं की काय?"

"ओलं कुत्रं भिंतीला अंग घासतं. तुमच्या ताज्या चुन्याला घासलं असणार."

सिद्धप्पा आधी भिंतीजवळ गेले, मग खाली वाकून कापश्याकडं बघितलं. मग कुंचला माझ्याकडं रोखला. "मास्तर, तुमी शिकलेली मान्सं. कुत्रं भिंतीला घासलं तर एक अंग लाल व्हईल. फार तर दोनी. पोट कसं लाल? भिंतीवर पालथं झोपलं व्हतं का?"

माला रडता रडता हसली. सिद्धप्पांचं म्हणणं खरं होतं. मला माघार घ्यावी लागली.

"आन् दुसरं सांगतो," सिद्धप्पा आता रंगात आले. "देव तुमचा, पन येळकोट आमचा. एळु कोटि, म्हंजे सात कोटी, कन्नड हाय त्ये. तुमचा खंडोबा त्योच आमचा मैलार. त्येच्या कुत्र्याला मी चुना लावीन का?"

"तुमी गप ऱ्हावा वो," अक्का म्हणाली. "चुना कुनाचा बी न्हाय. आबा, वांगी आन हिकडं."

तिनं पिशवी उचलली आणि आत गेली. थोड्या वेळानं चुलीवर वांगी भाजल्याचा वास आला. अक्का रीत सोडत नाही. मनात काहीही चाललेलं असो, हात आपलं काम करत राहतात.

सिद्धप्पा भिंतीकडं परतले. मी मालाला जवळ घेतलं. "आता पहिल्यापासून सांग. घाई नाही."

"अक्काआजी म्हणाली, देवाचा दिवस आहे, कापश्याला आंघोळ घाल. मी घातली. मग तो खूप ओला झाला."

"आंघोळीनंतर होतोच."

"तसा नाही आबा. आत आत ओला. वरून हात फिरवला तरी आतून पाणी यायचं. त्यानं अंग झाडलं, ते सगळं माझ्यावर. मग मी पुसायला कापड शोधलं, तर एकही नाही. दोरीवर सगळं देवाचं. अक्काआजी म्हणाली होती, आज दोरीच्या कापडाला हात लावलास तर हात मोडीन."

मी दोरीकडं बघितलं. अक्काचं पातळ, देव पुसायचा पंचा, ताट झाकायची धडपी, सगळं पहाटे धुतलेलं आणि सोवळ्यात. घरातलं बाकीचं कापड बादलीत भिजत पडलेलं. पोरीचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

"मग?"

"मग मी विचार केला. माझं बोट कापलं होतं तेव्हा अक्काआजीनं त्यावर हळद दाबली. म्हणाली, हळद ओल शोषती. आणि आज कापश्याला भंडारा लावायचाच असतो. म्हणून मी देवाजवळचा डबा घेतला आणि कापश्याला भंडाऱ्यानं पुसलं."

"सगळ्या?"

"तो सगळाच ओला होता, आबा."

हसावं की डोकं धरावं, कळेना. भंडाऱ्यानं कुत्रं वाळवायचं! पण तिनं जे केलं त्यात चुकीची पायरी दाखव म्हटलं, तर मला दाखवता आली नसती. पुसायला कापड नाही, हळद ओल शोषते, भंडारा लावायचाच आहे. माझ्या वर्गात असती तर पूर्ण गुण दिले असते. पण मग लाल का?

डब्याच्या तळाशी चिमूटभर भंडारा उरला होता. कुणी वाण्यानं त्यात भेसळ केली असेल, असं मनात आलं. तळहातावर घेतला, रांजणातलं पाणी घातलं. पिवळाच राहिला. बोटानं चोळला. पिवळाच. मालानं फुंकर मारून बघितली, उन्हात धरून बघितला. आम्ही दोघं त्या हळदीकडं बघत बसलो आणि ती हळद हळदीसारखीच वागत राहिली.

"कापश्यातच काहीतरी असेल," माला कुजबुजली. "अक्काआजी म्हणती ते खरं असेल का?"

त्या वेळी मला 'नाही' म्हणायचं होतं. पण ज्याचं कारण ठाऊक नाही, त्याला नाही म्हणायची मला सवय नाही.

नैवेद्य दाखवून झाला. अक्का ताट घेऊन बाहेर आली. भरीत, कांद्याची पात, तुपाची धार सोडलेले रोडगे. चालताना तिचा हात भिंतीला लागत होता. पोटात पाणीसुद्धा नव्हतं. बाजेपाशी ती कशीबशी खाली बसली आणि रोडग्याचा तुकडा तुपात बुडवून पुढं केला.

"घे राजा. घे बाबा."

कापश्या नाक पुढं करायचा, शिंकायचा, मागं सरायचा. त्याच्या नाकात हळद, मिशांवर हळद. एरवी तुपाच्या वासावर रस्ता ओलांडून येणारा कुत्रा, त्यानं तोंड फिरवलं.

अक्का तशीच हात पुढं धरून बसली. बऱ्याच वेळानं तिनं तो मागं घेतला.

"न्हाय घेत," ती म्हणाली. एवढंच.

"दुसऱ्या कुत्र्याला घालू," मी म्हणालो. "गल्लीत कमी आहेत का? देव सगळ्यांत सारखाच."

"देव सारका आसंल. पन ह्यो त्यांच्या हातचा हाय." मेहुण्यांचं नाव ती अजून घेत नाही. "त्यो जेवंल तवा मी जेवीन."

"आणि नाहीच जेवला तर?"

तिनं ताट झाकलं, आणि देवापुढची तळीची पितळी परात घेऊन अंगणात उन्हाच्या पट्ट्यात बसली. चिंचेचा गोळा घेऊन परात घासू लागली. परात सकाळीच घासून लखलखीत झालेली. ती पुन्हा पुन्हा घासत राहिली.

माला माझ्या कानाशी आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "आबा, अक्काआजी माझ्यामुळं जेवत नाही ना?"

"तुझ्यामुळं की कशामुळं, ते अजून कळलेलं नाही. न समजलेल्या गोष्टीचा दोष अंगावर घ्यायचा नसतो."

"मग आपण पुन्हा करून बघू. सगळं पहिल्यापासून. कापश्यावर नाही, चिंधीवर."

ही सूचना मला सुचायला हवी होती, तिला सुचली. मी एक पांढरी चिंधी शोधली आणि रांजणातून तांब्या बुडवून आणला. माला तोवर चिंधी घेऊन उलट्या दिशेनं, मोरीकडं निघाली होती.

"अगं, पाणी मी आणलंय. तिकडं कुठं?"

"ते नाही आबा. आंघोळ या पाण्यानं घातली."

मोरीत आणखी एक पत्र्याची बादली होती. पहाटे अक्कानं देवाचं धुणं उकळलं, त्याचं उरलेलं पाणी.

"अक्काआजी ओतून टाकणार होती," माला म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, सोलापुरात पाणी वाया घालवणं पाप आहे. कापश्या मळकाच होता, त्याला मळकं पाणी चालतं. आणि वरून चांगलं पाणी ओतलं नाही. ते पण वाया गेलं असतं."

तिनं चिंधी त्या पाण्यात बुडवली, पिळली आणि मी उरलेला भंडारा तिच्यावर टाकला. हळद पडली ती पिवळी. आम्ही बघत होतो, आणि बघता बघता ती कडेनं तांबडी झाली, मग मध्ये, मग सगळी.

"झालं!" माला ओरडली. "आबा, झालं! तसंच झालं!"

मी पाण्यात बोट घालून चोळलं. बुळबुळीत. धुण्याचा सोडा! जे काम चुना करतो तेच सोड्यानं केलं होतं. मी चिंधी घेऊन जवळजवळ धावतच अक्काकडं गेलो. "अक्का, कारण सापडलं. हिनं त्याला सोड्याच्या पाण्यानं आंघोळ घातली. सोड्यानं हळद लाल होते. हे बघ!"

अक्कानं चिंधीकडं बघितलं. घासायचा हात थांबला नाही.

"हळदीचा डाग सोड्यात लाल हुतो, ह्ये मला ठावं न्हाय व्हय? हयात गेली धुनं धुन्यात." मग मालाकडं बघून म्हणाली, "पन कुत्र्याला सोड्यानं न्हाऊ घातल्यालं पैल्यांदाच ऐकलं, बाई."

"मग आता कळलं ना? देव रागावलेला नाही."

"कळलं की." परात फिरवून तिनं दुसरी बाजू घासायला घेतली. "पन कुत्रं जेवलं न्हाय, आबा. त्येचं कारन सांग."

मी हातातली चिंधी घेऊन उभा राहिलो. मघाशी कारण नव्हतं म्हणून गोंधळलो होतो. आता कारण हातात होतं आणि मी जास्तच गोंधळलो. माझ्या कारणानं कुत्र्याच्या तोंडात घास जात नव्हता.

भिंतीपलीकडून सिद्धप्पांचा आवाज आला. "सापडला का चुना, मास्तर?"

"सोडा होता."

"सोडा? माझ्याकडं सोडा न्हाई बर का! आधीच सांगून ठेवतो."

कुणी हसलं नाही. वारा सुटला होता. मार्गशीर्षातला कोरडा, बोचरा वारा. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. ऊन सरकलं तशी बाजेखाली सावली दाट झाली. कापश्याच्या अंगावर हळदीचा चिखल गार पडला होता. त्याचं थरथरणं इतकं वाढलं की बाजेची दोरी हलताना दिसायला लागली.

मग तो बाहेर आला. कुणी बोलावलं नव्हतं. अंगणात उन्हाचा एकच पट्टा उरला होता आणि त्यात अक्का बसली होती. पोट जमिनीला घासत तो तिथवर गेला आणि तिच्या गुडघ्याला अंग चिकटवून बसला. त्याच दुखऱ्या गुडघ्याला.

"आगं आई," अक्का म्हणाली. "किती कापतंय ह्ये! बरफ झालंय की."

परात खाली पडून घणघणली. तिनं दोन्ही हातांनी कापश्याला धरलं आणि पाठीवरून, कुशीवरून भराभरा चोळायला लागली. "आरं, मला सांगायचं न्हाय व्हय? मी हितं भांडं घासत बसले, आन् तू तितं गारठतुयास."

आणि ती थांबली. मीही बघितलं, मालानंही बघितलं.

अक्काचा हात जिथून फिरला होता, तिथं कापश्या पिवळा झाला होता. लाल पाठीवर पाचही बोटं स्पष्ट उमटली होती, पिवळीधमक, भंडाऱ्याच्या रंगाची. तिनं हळूच पोटाकडं हात लावला. तिथंही पिवळं. मानेला लावला. पिवळं.

अक्काचे डोळे भरून आले होते.

मला कळलं. तिच्या हातांना चिंचेचा कोळ होता. जे सोड्यानं केलं ते आंबटानं उलटवलं. कारण इतकं स्वच्छ, इतकं सुंदर होतं की ते सांगण्यासाठी माझी जीभ शिवशिवायला लागली. मालानंही तोंड उघडलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं वर बघितलं आणि तोंड मिटलं.

"माले," अक्का म्हणाली, "पंचा आन. पळ."

"कुठला? सगळे देवाचे आहेत."

"मग देवाचाच आन की. कुत्रं कुनाचं हाय?"

मालानं दोरीवरचा पंचा ओढला, पण देताना राहवलं नाही तिला. "मग सकाळी हात मोडीन का म्हणालीस?"

"सकाळी मला कुटं ठावं व्हतं तू कुत्र्याची पुरनपोळी करशील म्हनून! धर, ते टोक धर. उलट्या अंगानं घास. आतली ओल निघाली पायजे."

एका बाजूनं अक्का, दुसऱ्या बाजूनं माला, मध्ये कापश्या. सोवळ्याचा पंचा क्षणात लाल-पिवळा झाला. तो भरला तेव्हा मालानं न विचारताच दुसरं धडपं आणलं, आणि अक्कानं तिकडं बघितलंही नाही. तिनं त्याचे कान आतून पुसले, बोटांच्या बेचक्या पुसल्या, नाकपुड्यांतली हळद पदराच्या टोकानं काढली. कापश्यानं शेवटची एक मोठी शिंक दिली. मग उन्हात मान लांब केली आणि डोळे मिटले. थरथर हळूहळू ओसरत गेली. केस मोकळे झाले, फुलले. कुठं पांढरा, कुठं पिवळा, कुठं लाल.

आणि मग त्यानं डोळे उघडून झाकलेल्या ताटाकडं बघितलं.

माला ताट घेऊन आली. अक्कानं रोडगा तुपात बुडवून पुढं केला. कापश्यानं आधी तूप चाटलं, मग तिची बोटं चाटली आणि तोंड वेडंवाकडं केलं, कारण बोटांना चिंच होती. मग रोडगा उचलला आणि दोन घासांत गिळून टाकला. वांग्याला त्यानं तोंड लावलं नाही. ते तो कधीच लावत नाही.

"येळकोट!" अक्का म्हणाली. भिंतीपलीकडून सिद्धप्पांनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

मी पाण्याचा तांब्या अक्कापुढं ठेवला. तिनं हात धुतले, अर्धा तांब्या एका दमात रिकामा केला आणि तिथंच अंगणात, कापश्याला टेकून, जेवायला बसली. दोन घास खाल्ले तसा तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

मालाला आता दम निघेना. ती माझ्या कानात म्हणाली, "आबा, पिवळा का झाला?"

"तिला जेवू दे आधी."

"सांग की तिला," अक्का मान वर न करता म्हणाली. "मी काय बहिरी हाय? सांग, सोडा आसंल, चिंच आसंल, काय आसंल ते. माजं काय आडत न्हाय. कुत्रं जेवलं."

तिला ते आधीच कळलं होतं की आत्ता कळलं की कळून घ्यायचंच नव्हतं, मला सांगता येणार नाही. विचारायचं माझ्या मनात आलं होतं.

पण अक्कानं ताटातला एक रोडगा मोडला, अर्धा तुपात बुडवला आणि मालाच्या हातात दिला.

"ह्यो तू घाल," ती म्हणाली. "तुज्या हातनं घेतो का बगू."

मालानं हात पुढं केला. तिचा तळवा अजून लाल होता. कापश्यानं त्याचा वास घेतला, बराच वेळ घेतला. अक्का घास हातात धरून बघत राहिली. मग त्यानं रोडगा घेतला.

"घेतला," माला म्हणाली.

"बगितलं मी," अक्का म्हणाली, आणि हातातला घास तोंडात घातला.